जुन्या घरांचे मूल्यांकन आणि गृहकर्ज

घर उबदार ठेवायला तेल-गॅसऐवजी स्वच्छ ऊर्जा वापरण्याच्या, म्हणजेच स्वच्छ तापनाच्या, नियमांमुळे युरोपातील बँका जुन्या घरांना कर्ज देणेच थांबवतील, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून नव्या वसाहतींतील नव्या घरांच्या तापनयंत्रणेत किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जा बंधनकारक झाली. चालू असलेला तेल-गॅसवरचा जुना बॉयलर मात्र लगेच काढावा लागला नाही. त्यामुळे कर्ज अडण्यापेक्षा ते कमी मिळण्याची शक्यता अधिक आहे. हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारे विजेचे यंत्र) आणि भिंतींचे उष्णतारोधन यांचा उद्याचा खर्च बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्या मूल्यांककाने किमतीतून वजा केला, की तारणाचे मूल्य घटते आणि खरेदीदाराला पदरचे पैसे जास्त घालावे लागतात. ब्रिटनमध्ये ए किंवा बी ऊर्जा दर्जाच्या, म्हणजे कमी ऊर्जा लागणाऱ्या, घरांना काही बँका कमी व्याजदर देतात, म्हणजे ज्याला सुधारणा परवडली त्यालाच कर्जही स्वस्त. हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या बेळगावात तापनाचा प्रश्न अंघोळीचे पाणी तापवण्यापुरता आहे. शहापुरातल्या जुन्या घरांत न्हाणीत तांब्याचा बंब, वर काजळलेली भिंत आणि कौलारू छप्पर असते. सौर बंबाची टाकी ठेवायला सपाट गच्चीच नसते. अशा घरांवर सौर बंबाचा नियम आणायचा असेल, तर छप्पर बदलण्याचा खर्च गृहकर्जातच धरला पाहिजे आणि ती सोय सहकारी पतसंस्थांच्या कर्जदारांनाही मिळाली पाहिजे.