मदत हवी आहे: ट्विन-इंजिन विमानाचं उजवं इंजिन डाव्यापेक्षा ४० अंश जास्त तापतंय

नमस्कार मंडळी,

मी ट्विन-इंजिन ट्रेनरवर विद्यार्थ्यांना शिकवतो. दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. गेल्या पाच-सहा उड्डाणांपासून क्लाइंबमध्ये उजव्याचं सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) चढतंय. मॅनिफोल्ड प्रेशर तेच, आरपीएम तोच, मिक्स्चर फुल रिच (इंधनाचं प्रमाण जास्तीत जास्त), काउल फ्लॅप (इंजिनावरून गेलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) पूर्ण उघडे. तरी डावं ३८५ अंश फॅरनहाइटला थांबतं आणि उजवं ४२५ गाठतं. लाल रेघ ५०० ला आहे, त्यामुळे लगेच धोका नाही. पण ४०० च्या वर रोज सिलिंडर तापवणं मला पटत नाही, आणि मुख्य म्हणजे हे आधी नव्हतं. दहा-पंधरा अंशांचा फरक पूर्वीपासून होता, त्याची मी कधी काळजी केली नाही.

पहिला संशय अर्थातच मीटरवर. सकाळी, इंजिनं रात्रभर थंड झालेली असताना, नुसता मास्टर ऑन करून बघितलं. आठही सिलिंडर बाहेरच्या हवेइतकेच दाखवत होते. मग एएमईंनी (देखभाल अभियंत्यांनी) सगळ्यात गरम सिलिंडरचा प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) डाव्या इंजिनाशी अदलाबदल करून दिला. आकडा उजवीकडेच चढा राहिला. म्हणजे प्रोब ठीक आहे.

काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून बॅफलही (हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे) पाहिले. रबर जिथे काउलिंगला घासतं तिथे काळा पट्टा उमटतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे, कुठेही तुटलेला नाही. हवा वरून निसटत नसावी. ऑइल टेंपरेचर दोन्हीकडे जवळपास सारखं. ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) तर उजवीकडे २५-३० अंश कमीच आहे, त्यामुळे मिश्रण लीन (इंधन कमी पडलेलं) असेल असंही वाटत नाही.

आता कुठे बघावं? विद्यार्थ्यांची उड्डाणं तूर्त थांबवली आहेत.

प्रतिसाद १:
चारही सिलिंडर तापतायत की एकच? एकच असेल तर त्याच्याभोवतीचे बॅफल पुन्हा बघा. चारही असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, आणि तुमची कमी झालेली ईजीटी हीच खूण आहे. लीन झालं असतं तर रिच बाजूला दोन्ही आकडे वर गेले असते. सीएचटी वर आणि ईजीटी खाली म्हणजे स्पार्क लवकर पडतोय. मॅग्नेटोचं (स्पार्क देणाऱ्या उपकरणाचं) टायमिंग तपासा. अलीकडे मॅग्नेटो उतरवले होते का? तपासेपर्यंत उडवू नका. टायमिंग पुढे असेल तर डेटोनेशनपासूनचं (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा एकदम स्फोट होण्यापासूनचं) अंतर कमी होतं.

धागाकर्ता:
चारही तापतायत. आत्ताच लॉगबुक काढलं. उजव्याचे मॅग्नेटो ५०० तासांच्या तपासणीला उतरवले होते, आणि आकडे चढले ते बरोबर त्याच्या पुढच्या उड्डाणापासून. तारखा समोर असून मी जोडल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतंय. मनापासून आभार. उद्या सकाळी टायमिंग लाइट लावतोय. किती अंश निघतात ते इथेच लिहितो.