घरच्या जेवणातला किनवा : तुमचे अनुभव लिहा

नौपाड्याची_सून

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. महिनाअखेर घर रिकामं करायचंय म्हणून आज माळा काढला. मागच्या कोपऱ्यात चहापत्तीचा जुना डबा निघाला. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर अप्पांच्या (माझे सासरे) अक्षरात : ‘किनवा. तीन पाण्यांनी धुणे.’ डबा हातात धरून मी स्टुलावरच बसून राहिले.

2016 मध्ये अप्पांची साखर वाढली आणि कोणीतरी सांगितलं, भाताऐवजी किनवा द्या, भातासारखे शिजवायचे बारीक दाणे. अप्पा कोकणातले. भात नसेल तर ‘जेवलो’ म्हणायचे नाहीत, ‘खाल्लं काहीतरी’ म्हणायचे. मी मुगाची डाळ घालून खिचडी केली. तांदूळ धुतो तसं एकदा पाण्यातून काढलं आणि लावलं कुकरला. पहिला घास कडू. मुलांनी ताटं सरकवली. अप्पांनी मात्र शेवटच्या शितापर्यंत खाल्लं, वर ताक घेतलं आणि म्हणाले, “पचायला हलकं आहे हो.” मला रात्रभर झोप नाही.

सकाळी उठते तर अप्पा ओट्यापाशी उभे. पातेल्यात किनवा, वर पांढरा फेस. “हे बघ गं, रिठ्याचा फेस. कडूपणा इथे आहे.” अगदी बरोबर होतं त्यांचं. रिठ्यातलं सॅपोनिन याच्या सालीवरही असतं. दाणे चाळणीतून खाली पळतात, म्हणून त्यांनी जुन्या पंचाच्या तुकड्यात बांधून नळाखाली चोळले. पुढे ते जाईपर्यंत किनवा धुण्याचं काम त्यांचंच.

तुमच्याकडे हा कोणासाठी आला? टिकला का? लिहा.

मेथीदाणा

पंचाचं वाचून गलबलून आलं गं. आमच्या बाबांची पण अशीच एक... दूध वर आलंय, नंतर लिहिते.

खारघरची_आई

माझ्या लेकीसाठी आला. ती चार वर्षांची असताना सीलिॲक निघालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटाला चालत नाही. गहू, मैदा, रवा, सगळं त्या दिवशी बंद. आम्ही दोघं नोकरीवाले, डब्यात पोळीभाजीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची, लेक डबा तसाच परत आणायची.

मग किनव्याचा उपमा करायला लागले. दाणे कोरडे भाजून घ्यायचे, एक वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, कढीपत्ता, आलं, मटार, वरून लिंबू. दाण्याला पांढरी शेपटी सुटली की गॅस बंद, दहा मिनिटं झाकण काढायचं नाही. हा गार झाला तरी मोकळा राहतो, डब्याला त्यामुळेच बरा.

तरी लेकीचं पोट मधूनच बिघडायचं. मी किनव्यालाच दोष देत होते. पाकिटं बदलली, दुकान बदललं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “फोडणीत हिंग कुठला घालता?” डबी घरी येऊन वाचली. हिंगात गव्हाचं पीठ! बाजारातल्या बऱ्याच हिंगात ते मिसळलेलं असतं. दोन वर्षं मी रोज माझ्या हाताने तिला ते घालत होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी आज आत्ता डबी वाचा. आणि पीठ गिरणीवर देऊ नका, तिथे आधीचा गहू जात्यात असतोच. मी किनवा, ज्वारी, सगळं मिक्सरवर थोडं थोडं काढते.

लेक आता दहावीला आहे. उपमा स्वतः करते.

नौपाड्याची_सून

@खारघरची_आई, दोष लावून घेऊ नका हो. कोणाच्या डोक्यात येईल हिंग? लेकीला शाबासकी सांगा.

ऐरोली_लोकल

ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभा आहे, जमेल तसं लिहितो. मला स्वतःला मधुमेह आहे. किनवा म्हणजे साखर वाढतच नाही असं समजून सुरुवातीला ताटभर खायचो. घरी मशीनवर बघितलं तर आकडा वर. शिजवलेल्या 100 ग्रॅम किनव्यात साधारण 21 ग्रॅम कर्बोदकं आहेत, पांढऱ्या भातात 28. फरक आहे, पण ताटभर खायची सूट नाही. प्रथिनं मात्र भातात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि यात चारच्या वर, शिवाय तंतू जास्त. आता एक लहान वाटी किनवा, दोन वाट्या भाजी, वाटीभर आमटी. आकडा ताब्यात आहे. बायको माझ्यासाठी वेगळं करत नाही, सगळे तेच खातात. यापेक्षा मोठा आधार

रबाळे आलं, गर्दी. नंतर.

मेथीदाणा

@ऐरोली_लोकल उभ्याने एवढं लिहिलंत! बसायला जागा मिळो. वहिनींना नमस्कार.

घणसोली_७

उपवासाला चालतो का हो? सासूबाई विचारतायत, परवा एकादशी आहे.

तुळशीवृंदावन

आमच्याकडे नाही चालत. वरी, राजगिरा, शिंगाडा एवढंच.

दाणाबंदर

वाशीच्या धान्य बाजारात तीस वर्षं हिशेब लिहिले, म्हणून दोन शब्द. किनवा हे गवत कुळातलं धान्य नाही, त्यामुळे ज्वारी-बाजरीच्या ओळीत तो बसत नाही. राजगिरा, चाकवत आणि किनवा एकाच कुळातले. चाकवत तर सख्खा चुलत भाऊ. मूळ गाव पेरू-बोलिव्हियाकडचे अँडीज डोंगर. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे किनव्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, भरडधान्यांची पाळी 2023 ला आली. उपवासाचं म्हणाल तर बटाटा त्याच अँडीजचा. शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतले, मिरचीही अमेरिका खंडातलीच. आपल्या आज्यांनी ती सगळी पाहुणी मंडळी उपवासाच्या ताटात बसवून घेतली. राजगिरा चालतो त्या घरात याला मी तरी नाही म्हणणार नाही. पण ज्याच्या त्याच्या घरची रीत, सासूबाईंचा शब्द शेवटचा.

घणसोली_७

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “चाकवताचा भाऊ असेल तर भाजी म्हणून बघू, उपवासाला वरीच कर.” 🙏

तुळशीवृंदावन

चाकवताचं नाव काढलंत! ताकातला चाकवत, वर लसणाची फोडणी, हरभऱ्याची डाळ आणि दाणे. घोडबंदर रोडला चांगली जुडी मिळतच नाही. कुठे मिळते?

मेथीदाणा

जांभळी नाक्याला सकाळी आठच्या आत. पालेभाज्या घेऊन बसणाऱ्या मावश्या असतात. दहानंतर कोमेजलेला उरतो.

नेरूळ_आजोबा

टायपिंग चुकले तर क्षमा. सौ. गेल्यावर मी एकटा. सून पुण्याला, फोनवर रेसिपी सांगते. तांदळाच्या अंदाजाने पाणी घातले, लापशी झाली. टाकवेना, गूळ आणि नारळाचे दूध घालून खीर केली, वेलची होतीच. शेजारच्या मुलांना दिली, वाटी चाटून खाल्ली. आता दर रविवारी दोघे बेल वाजवतात. आजोबा, खीर? म्हणून पाकीट संपू देत नाही.

खारघरची_आई

आजोबा, लेकीने वाचलं. ती म्हणते तिला पण यायचंय रविवारी.

नेरूळ_आजोबा

जरूर या. हिंग घालत नाही खिरीत.

पोळीवाली

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. मी सात घरी पोळ्या करते, कोपरखैरणेत. चार घरी हे पाकीट आहे. दोन घरी त्याला कीड लागली, कारण घरात कोणालाच आवडत नाही आणि आणलं म्हणून ठेवलंय. माझ्या घरी नाचणी आहे, तीच पोरांना देते. नाचणीत कॅल्शियम याच्यापेक्षा कितीतरी जास्त, डॉक्टरबाईंनी सांगितलं. ज्याला औषधासारखं लागतं त्याने घ्यावं. बाकीच्यांनी आधी डब्यातली नाचणी संपवावी.

ऐरोली_लोकल

पोचलो घरी. @पोळीवाली ताई, पूर्ण पटलं. आमच्याकडे आठवड्यात तीन दिवस नाचणीच.

मेथीदाणा

बाबांचं राहिलं होतं. ते किनवा थालीपिठाच्या भाजणीत घालायला लावायचे, मूठभर. आई म्हणायची भाजणी बिघडेल. बिघडली नाही, खुसखुशीत व्हायची. आई अजून घालते, ते नसले तरी.

नौपाड्याची_सून

सगळं वाचलं, मध्ये पॅकर्सवाले येऊन गेले. डब्यातला किनवा जुना झाला होता, वास येत होता, तो गेला. चिकटपट्टी निघत नव्हती, म्हणून झाकण घासलंच नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून भाड्याच्या घरी न्यायच्या खोक्यात ठेवलं. पंचाचा तुकडा मात्र सापडला नाही, मसाल्याच्या डब्यामागे असेल. उद्या सकाळी जांभळी नाक्याला जातेय.

तुळशीवृंदावन

माझ्यासाठी चाकवताच्या दोन जुड्या घ्याल का? मी नौपाड्यात येऊन घेऊन जाते, खोकी भरायलाही हात लावते.