केळ्याचा वास हवा असेल तर
तुमच्या बिअरचा फोटो बघूनच तहान लागली, फेस काय सुरेख धरलाय! तुम्ही घरी केलेल्या हेफेवाइझेनमध्ये (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये) यीस्टमुळे येणारा केळ्याचा वास जाणवत नाही, नुसती लवंगेसारखी चव लागते म्हणालात. मला वाटतं, १७ अंशांवर आंबवल्याचा हा परिणाम. तेच यीस्ट २१-२२ अंशांवर ठेवा, केळ्याचा वास हमखास पुढे येईल. यीस्टही जरा हात राखूनच टाका. लवंगेच्या चवीसाठी मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य) ४५ अंशांवर थोडा वेळ थांबवतात, ती पायरी या वेळी गाळा. बाटल्या मात्र जाड काचेच्याच घ्या. या बिअरला गॅस भरपूर लागतो, पातळ बाटली फुटू शकते. आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच घोळवून तळाचं यीस्ट ग्लासात येऊ द्या, खरी चव त्यातच आहे. पुढच्या खेपेला कोणतं यीस्ट वापरताय?