लिंक्ड डेटा शिकवताना शब्द कुठले वापरायचे? (फोंडा, वाचनालयाची मंडळी)

फोंडेकर_वाचक: नमस्कार. आमच्या वाचनालयातल्या लोकांना आणि काही शिक्षकांना विकिडेटावर (विकिपीडियाच्या कुटुंबातला, कुणालाही भरता येणारा माहितीसाठा) इथल्या देवळांची माहिती भरायला शिकवायचंय. माणसं जाणती आहेत, वर्षानुवर्षं कॅटलॉग सांभाळलाय, पण आरडीएफ, ट्रिपल, ऑन्टॉलॉजी, यूआरआय असलं पहिल्याच स्लाइडवर दिसलं की सगळे गप्प होतात आणि मला ते बघवत नाही. आणि मुळात याला म्हणायचं काय, सिमँटिक वेब, लिंक्ड डेटा की नॉलेज ग्राफ?

डिचोलीकर: ताई, सिमँटिक वेब २००१ च्या एका लेखामुळे गाजलं, लिंक्ड डेटाचे, म्हणजे वेबवरची माहिती एकमेकांशी जोडायचे, चार नियम वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी २००६ ला मांडले, नॉलेज ग्राफ २०१२ मध्ये गूगलमुळे सगळ्यांच्या तोंडी आलं. तुम्ही लिंक्ड डेटा हे एकच धरा, बाकीची नावं चहाच्या वेळेला. ऑन्टॉलॉजीला तर हातच लावू नका, 'ठरलेल्या शब्दांची यादी' म्हटलं तरी चालतं, वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था स्वतःच सांगते की व्होकॅब्युलरी आणि ऑन्टॉलॉजी यांच्यात स्पष्ट सीमा नाही.

काणकोणची_मास्तरीण: मी तर बोर्डावर सरळ एक ओळ लिहीन: मंगेशी देऊळ – तालुका – फोंडा. झालं ट्रिपल, तीन भागांचं एक विधान! मग विचारायचं, फोंडा कुठल्या जिल्ह्यात? २०१५ ला हा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, म्हणजे प्रत्येक देवळापुढे जिल्हा टाइप केलेला असेल तर बसा एकेक ओळ दुरुस्त करत, पण देऊळ नुसतं फोंड्याला जोडलेलं असलं की फोंड्याच्या पानावर एकदाच बदललं की काम झालं. का जोडायचं हे तुमच्याच तालुक्यावरून कळतं, व्याख्या लागत नाही. यूआरआय म्हणजे प्रत्येक गोष्टीची वेबवरची एकमेव ओळख, त्यासाठी त्यांना दाखल क्रमांक आठवून द्या. पणजी म्हणा, पंजिम म्हणा, नोव्हा गोवा म्हणा, नंबर एकच.

डिचोलीकर: एकदम मान्य, फक्त दाखल क्रमांक एका वाचनालयापुरता असतो आणि यूआरआय जगभर चालतो, तेवढं सांगा.

म्हापसा_कोडर: थोडा वेगळा सूर लावतो. खरी नावं लपवू नका हो, घरी जाऊन त्यांना पुढचं शोधायचं असेल तर 'स्पार्कल' (अशा डेटाला प्रश्न विचारायची भाषा) हा शब्द माहीत नको? आधी काम करून दाखवा, मग त्याच कामाला नाव द्या. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा, रकाना रिकामा म्हणजे 'नाही' असं समजायचं नाही, अजून कुणी लिहिलेलं नाही एवढाच अर्थ. याला ओपन वर्ल्ड म्हणतात, पण नावापेक्षा ही समज महत्त्वाची, यावरून चांगली चांगली माणसं गोंधळतात.

फोंडेकर_वाचक: खूप आभार, पहिला तास बोर्डावरच घेते. पण मंगेशी मूळचं कुशस्थळीचं, म्हणजे आताचं कुठ्ठाळी, १५६० च्या सुमारास इकडे आणलं, तर ते कसं भरायचं?

काणकोणची_मास्तरीण: दोन्ही जागा लिहा आणि प्रत्येकीला काळ जोडा. विकिडेटात त्याला क्वालिफायर म्हणतात, बोर्डावर 'कधीपासून, कधीपर्यंत' लिहा.