केशवराव भोसले नाट्यगृह आधी टॉकीज होतं का?

तांबडा_रस्सा: मंडळी, घरात वाद चाललाय. आमचे आजोबा या नाट्यगृहाला शेवटपर्यंत पॅलेस थेटरच म्हणायचे, त्यावरून काका म्हणतात तिथं आधी पिक्चर लागायचे, टॉकीजच होती ती, आणि आई म्हणते छे, नाटकाचंच. खरं काय हाय? आणि कोल्हापूरला सिनेमाचं गाव म्हणतात त्याचा या बिल्डिंगशी काय संबंध?

खासबाग_गेट: आईला चहा पाज, ती जिंकली. शाहू महाराजांनी नाटकासाठीच बांधून घेतलं, काम १९१३ ला काढलं आणि १९१५ ला थेटर उभं. महाराज १९०२ ला युरोपात गेले तेव्हा रोमचं ते जुनं गोल मैदान बघून आले, त्यावरनं शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान झालं, आणि मग भिंतीला भिंत लावून हे. एकीकडं शड्डू, दुसरीकडं नाट्यगीतं, हे फक्त आपल्याकडंच होऊ शकतंय. केशवरावांचं नाव नंतर दिलं.

जुना_पडदा: सिनेमाचा संबंध हाय, पण बिल्डिंगशी नाही, माणसांशी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, त्यातनं कमवायचे आणि जुना प्रोजेक्टर घेऊन सिनेमे दाखवायचे, मग स्वतःच कॅमेरा बनवायचं डोक्यात घेतलं. आनंदराव १९१६ ला गेले, बाबूरावांनी काम सोडलं नाही, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० ला त्यांचा 'सैरंध्री' सिनेमा आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो सीन कापायला लावला म्हणे. दामले, फत्तेलाल, शांताराम सगळे त्याच कंपनीत तयार झाले आणि १९२९ ला बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच, पुण्याला १९३३ ला गेली. म्हणजे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' सिनेमा आपल्या गावचा बरं का, पुणेकरांनी उगाच कॉलर ताठ करू नये :)

तांबडा_रस्सा: लै भारी. म्हणजे खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ हाय तो बाबूरावांचाच? मी रोज त्याच्यासमोर गाडी लावतो.

जुना_पडदा: होय तोच. गाडी जरा बाजूला लावत जा.

खासबाग_गेट: आणि केशवराव कोण होते तेही घरी सांग, ललितकलादर्श नाटक कंपनी त्यांचीच, १९०८ ला हुबळीत काढली, आणि १९२१ ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' नाटक केलं टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी गेले बिचारे, वय एकतीस फक्त. २०२४ ला या थेटरला आग लागली ती ८ ऑगस्टच्या रात्री, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. छप्पर गेलं, आतलं लाकूड गेलं, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या.

मिसळ_कट: पुन्हा बांधायचं ते बांधा, पण आवाजाचं बघा राव. माईक नसलेल्या काळातलं थेटर ते, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायला पाहिजे असं बांधलेलं. नुसता रंग मारून एसी बसवला की झालं असं करू नका म्हणजे मिळवली.