मावशी-मामांच्या ट्रेनिंगसाठी खेळ घ्यायचेत, कुणाला अनुभव?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज. पेशंटशी नीट वागत नाहीत अशा दोन तक्रारी आल्या तर मॅनेजमेंटने मावशी आणि मामा लोकांचं 'संवेदनशीलता' ट्रेनिंग माझ्या गळ्यात टाकलंय. ३२ जण, दीड तास. मागच्या वेळी पीपीटी दाखवली, लाइट बंद केल्याबरोबर नाइट करून आलेले दोन मामा घोरायला लागले, त्यांची तरी काय चूक. म्हणून आता खेळ घ्यायचं डोक्यात आहे, डोळ्याला पट्टी बांधून वॉर्डात फिरवायचं वगैरे. पोरखेळ वाटेल का त्यांना?

फिजिओवाला:
ताई, म्हातारपणाचा खेळ घ्या, हमखास चालतो. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन, कानात कापूस, बोटांना चिकटपट्टी, चपलेत मक्याचे दाणे. मग सांगायचं, शर्टाची बटणं लाव आणि स्ट्रिपमधली गोळी काढ. दुसरा खेळ म्हणजे दही भरवायचं, खाणाऱ्याचे हात मागे आणि भरवणारा शेजारच्याशी गप्पा मारत भरवतो. तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा चमचा ओठाला टेकला की कसं होतं ते भाषणातून नाही कळत. फक्त बसवून करा, आडवं करून नको, ठसका लागेल.

अबोल:
पट्टीचा खेळ प्लीज नको. माझा भाऊ जन्मापासून दृष्टिहीन आहे, एकटा लोकलने नोकरीला जातो. अमेरिकेत २०१५ साली एक अभ्यास आला होता, पट्टी बांधून वावरलेल्या लोकांना नंतर अंध माणसं नोकरीला, एकटं राहायला कमी सक्षम वाटायला लागली. साहजिकच आहे, पाच मिनिटं पट्टी म्हणजे आंधळेपणाचा पहिला दिवस, भाऊ तिथून कधीच पुढे गेलाय. कीव शिकवायची नाहीये ना?
त्यापेक्षा ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलचं फोरम थिएटर बघा. वॉर्डातलाच प्रसंग करायचा, समजा आजोबा तिसऱ्यांदा बेडपॅन मागतायत आणि मावशी खेकसते. प्रेक्षकातल्या कुणीही 'थांबा' म्हणायचं आणि मावशीच्या जागी उभं राहून वेगळं काहीतरी करून दाखवायचं. एमबीबीएसवाल्या पोरांना २०१९ पासून वागणूक-संवादासाठी एटकॉम म्हणून वेगळा विषयच आहे, मावशींना काय तर दीड तास.

नाइटड्यूटी:
मी ११ वर्षं मामा आहे, कॉन्ट्रॅक्टवर. आम्हाला एकदा स्ट्रेचरवर झोपवून एक्सरेपर्यंत नेलेलं, वरच्या ट्यूबा एकेक करून डोळ्यावर येतात आणि लिफ्टच्या फटीत चाक आपटलं की कमरेत कळ जाते, आपण आजारी नसताना. तेव्हापासून मी फटीआधी सांगतो, 'काका, धक्का बसेल'. हा खेळ चांगला. पण ४० पेशंट आणि आम्ही दोघं असलो की आजोबांचं तिसरं बेडपॅन उशिराच जाणार, तो सीन करताना बाकीचे ३९ पण स्टेजवर ठेवा. आणि सिस्टर लोकांना पण खेळात घ्या, राग मानू नका.

निशिगंध:
राग कसला, बरोबर बोललात मामा. पट्टी कॅन्सल. स्ट्रेचर, दही आणि बेडपॅनचा सीन, ३९ पेशंटसकट. स्ट्रेचरवर पहिलं झोपायला मेट्रनना विचारलं तर त्या म्हणाल्या मला स्पॉन्डिलायटिस आहे. आता मीच झोपते, ढकलायला आमच्या सगळ्यात रागीट मामांना सांगितलंय.