शब्दचर्चा: ‘संदिग्ध’ शेवट म्हणावं का?

कर्वेनगरकर
पुण्यातल्या आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या शनिवारी ‘इन्सेप्शन’ (२०१०) आहे. त्यातला नायक कॉब आपण स्वप्नात आहोत की जागे हे भोवरा फिरवून ओळखतो : स्वप्नात तो पडत नाही. त्याचं मराठी टिपण करताना शेवटावर अडलोय. मी लिहिलं होतं : ‘भोवरा कलंडू लागतो आणि पडदा काळा होतो. हा शेवट संदिग्ध आहे.’ टिपण तपासणाऱ्या ताईंनी ‘संदिग्ध’वर काट मारली. संदिग्ध म्हणजे सांगणाऱ्याला नीट सांगता आलं नाही, तो दोष झाला, असं त्यांचं म्हणणं. इथे तर दिग्दर्शकाने जाणूनबुजून केलंय. मग कोणता शब्द वापरू?

पेठकर
ताईंचं बरोबर आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत साहित्यशास्त्राच्या ग्रंथात ‘संदिग्ध’ हा दोषांच्या यादीतच येतो, श्रुतिकटु, निरर्थक, ग्राम्य यांच्या पंगतीला. धातू दिह्, म्हणजे माखणं, लिंपणं. वरून माखलं की खालचं दिसेनासं होतं. पण गंमत बघा, त्याच धातूचा ‘संदेह’ साहित्यशास्त्रात अलंकार आहे. हे मुख की हा चंद्र, याचा निकाल कवी मुद्दाम लावत नाही. तुमच्या भोवऱ्याचं हेच आहे. ‘ससंदेह शेवट’ लिहा.

औंधकर
‘ससंदेह’ शनिवारी किती जणांना कळणार? टिपण वाचायला दिवे मालवण्याआधीची पाच मिनिटं मिळतात. शब्दाला तळटीप लागली तर तो शब्द टिपणाच्या कामाचा नाही. सरकारी आदेशातली संदिग्धता वाईट, पण कथेतलीही वाईट असं आजचा वाचक समजत नाही. ‘संदिग्ध’ राहू द्या.
‘द्व्यर्थी’ मात्र नको, मराठी सिनेमाच्या संदर्भात लगेच दादा कोंडक्यांचे संवाद आठवतात. ‘मोघम’ही नको. मोघम बोलणारा तपशील टाळतो. इथे मेज, मुलं, बाग, भोवरा सगळं स्वच्छ दाखवलंय, फक्त निकाल दिलेला नाही.

पेठकर
‘मोघम’ नकोच. तो संस्कृत ‘मोघ’वरून आलेला, म्हणजे व्यर्थ. ‘मोघं पार्थ स जीवति’ गीतेत आहेच.

सिंहगड रोडकर
मोघम हे अरबी ‘मुबहम’. उर्दूत आजही मुबहम म्हणजे अस्पष्ट, अनेक अर्थ निघतील असं. दफ्तरी फारसीतून मराठीत आलं असणार. ‘व्यर्थ’पासून ‘अस्पष्ट’पर्यंत पोचायला ओढाताण करावी लागते.

पेठकर
आणि ‘बह’चा ‘घ’ व्हायला ओढाताण लागत नाही?

सिंहगड रोडकर
‘मोघ’ला शेवटचा ‘म’ कुठून चिकटला ते आधी सांगा.

धायरीकर
मला खरी चूक ‘कलंडू लागतो’मध्ये दिसते. कलंडू लागला म्हणजे पडणार, म्हणजे हे जागेपण. जो निकाल चित्रपटाने लावला नाही तो तुमच्या क्रियापदाने लावून टाकला. ‘लटपटतो’, ‘झोकांडी घेतो’ यांचंही तेच, पुढे पडणं आलंच.
भोवऱ्याची चाल अशी असते. टोकाशी आणि हवेशी घर्षण होऊन फिरण्याचा वेग उतरतो. वेग उतरला की अक्ष स्वतःच गोल फिरू लागतो (परांचन), ते फेरे मोठे आणि जलद होत जातात, शेवटी कड मेजाला लागून भोवरा लोळतो. पण हाताने फिरवताना अक्ष जरा तिरका सुटला तर सुरुवातीलाही डुलणं असतं, आणि गोलसर टोकाच्या घर्षणानेच तो पुढे सरळ उभा राहतो. म्हणून नुसतं डुलणं म्हणजे पडणं नव्हे. शेवटच्या दृश्यात तो बराच वेळ फिरलेला असतो, त्यामुळे मन पडण्याकडे झुकतं, इतकंच. शिवाय चित्रपटातली अट ‘स्वप्नात पडत नाही’ अशी आहे.
असं करा : ‘भोवरा फिरता फिरता किंचित डुलतो, आणि तो पडतो की नाही हे दिसायच्या आत पडदा काळा होतो.’ हे लिहिल्यावर ‘संदिग्ध’ लागणारच नाही.

औंधकर
‘डुलतो’ उत्तम. आणखी एक, ‘मुलं आठवणीत होती तशीच दिसतात’ असं वाक्य टिपणात असेल तर काढा. श्रेयनामावलीत कॉबची मुलं, फिलिपा ३ आणि ५ वर्षांची, जेम्स २० महिने आणि ३ वर्षांचा, अशी आहेत आणि प्रत्येक वयाला वेगळ्या बालकलाकाराचं नाव आहे. याने जागेपण सिद्ध होत नाही, पण ‘तशीच’ हा शब्द चुकतो.

कर्वेनगरकर
‘डुलतो’ घेतलं, ‘तशीच’ होतं ते काढलं. पण टिपणाचं शीर्षकच ‘संदिग्ध शेवट कसा पाहावा’ आहे, त्याचं काय करू?

सिंहगड रोडकर
भोवरा तरी बरोबर आहे का? भोवऱ्याला खाली लोखंडी आर असते आणि तो जाळी (दोरी) गुंडाळून सोडतात. कॉब चिमटीत धरून फिरवतो ती भिंगरी.

औंधकर
भिंगरी म्हटलं की पुष्कळांना काडीवरची कागदी भिंगरी दिसेल. भोवराच राहू द्या. मला ‘टोटेम’ जास्त खटकतं, म्हणजे स्वप्न की जागेपण हे ओळखायला चित्रपटातली माणसं जवळ बाळगतात त्या वस्तूचं नाव. समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला देवक म्हणतात.

पेठकर
देवक इथे अजिबात बसत नाही. ते कुळाचं असतं, लग्नात सगळ्यांदेखत बसवतात. ही वस्तू दुसऱ्याने हातात घ्यायचीसुद्धा नाही. ‘खूणवस्तू’ म्हणा.

धायरीकर
पण भोवरा मुळात कॉबचा नाही, त्याच्या बायकोचा, मालचा. मग त्याला कॉबची खूणवस्तू म्हणता येईल का?